कळतं, पण वळत का नाही?

१९६५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हॉवर्ड लेव्हेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताविषयी पुस्तिका वाचायला दिल्या होत्या. काहींच्या हातात अंगावर काटा आणणारी वर्णनं आणि छायाचित्रं असलेली पुस्तिका पडली, तर काहींना तोच विषय सौम्य शब्दांत सांगितला गेला. लस मोफत होती आणि विद्यापीठाच्याच दवाखान्यात मिळणार होती. भयंकर पुस्तिका वाचणारे खरोखर घाबरले. लस घ्यायलाच हवी, असंही त्यांना जास्त ठामपणे वाटू लागलं. पण प्रत्यक्ष दवाखान्याची पायरी चढले ते जेमतेम ३ टक्के. सौम्य पुस्तिकेनेही यापेक्षा वेगळं काही घडवलं नाही.

फरक पडला तो एका साध्या जोडणीने. काही विद्यार्थ्यांना पुस्तिकेसोबत परिसराचा नकाशा दिला होता. त्यात दवाखान्याभोवती गोल काढला होता, लसीकरणाच्या वेळा दिल्या होत्या, आणि ‘तुमचं आठवड्याचं वेळापत्रक बघा आणि कधी जाणार ते ठरवा’ अशी विनंती होती. ही शेवटच्या वर्षाची मुलं. दवाखाना कुठे आहे हे त्यांना नकाशाशिवायही ठाऊक असणारच. तरीही या गटातले २८ टक्क्यांच्या आसपास विद्यार्थी लस टोचून आले. धोक्याची जाणीव मुळीच न देता फक्त नकाशा पुढे करून भागलं नाही, हेही खरं. जाणीव लागतेच. पण ती पायाला वाट दाखवत नाही.

आरोग्यशिक्षण म्हणून आपण जे करतो, त्यातलं बहुतेक सगळं नकाशाशिवायच्या पुस्तिकेसारखं असतं. तंबाखू वाईट, व्यायाम चांगला, झोप पुरेशी घ्या. हे कोणाला माहीत नाही? कधी, कुठे आणि कशानंतर, हा भाग मात्र ज्याचा त्याने शोधावा अशी अपेक्षा असते. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी पुढे नेमकं हेच सूत्र तपासलं: ‘अमुक वेळ आली की मी तमुक करीन’ असं आधीच ठरवून ठेवलं, तर ती गोष्ट हातून घडण्याची शक्यता बरीच वाढते. जर-तरच्या गोष्टी एरवी आपण हसण्यावारी नेतो, पण इथे त्या कामाच्या ठरतात. ‘रोज चालायला जाईन’ हा संकल्प झाला. ‘संध्याकाळी घरी आलो की बसण्याआधी बूट बदलून बाहेर पडेन’ ही योजना झाली.

अशी योजना पुन्हा पुन्हा अमलात आणली की तिची सवय होते. म्हणजे त्या कृतीचा कारभार विचारपूर्वक निर्णय घेणाऱ्या यंत्रणेकडून मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियाकडे सरकतो, आणि ठरावीक वेळ किंवा जागा समोर आली की हात आपोआप चालू लागतात. सवय २१ दिवसांत लागते ही लोकप्रिय समजूत मात्र सोडून द्यायला हवी. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या पाहणीत (२०१०) मध्यक आला ६६ दिवसांचा, आणि व्यक्तीव्यक्तीतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त वेळ लागला. त्याच पाहणीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी नोंद अशी की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय घडण्यावर फारसा परिणाम झाला नाही. ‘एकदा खंड पडला, आता सगळंच गेलं’ या समजापायी किती चांगले उपक्रम बुडत असतील!

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत गाठ आणखी वेगळ्या ठिकाणी आहे. त्यांना धोका कळत नाही असं मोठ्यांना वाटतं; पण विचारलं तर बरेचदा ती धोका प्रत्यक्षाहून मोठाच सांगतात. अडचण सोबतीची आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये तीन वयोगटांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळायला दिला. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की पुढे दामटायचं, हा त्यातला प्रश्न. १३ ते १६ वयाच्या मुलांनी एकटं असतानापेक्षा मित्र शेजारी असताना साधारण दुप्पट धोका पत्करला. २४ वर्षांवरच्या प्रौढांना मित्र असले काय, नसले काय, सारखंच. मेंदूतली बक्षिसाला भुलणारी यंत्रणा या वयात जोरात असते, आणि लगाम घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. म्हणून वर्गात शांत बसलेल्या मुलाने दिलेलं बरोबर उत्तर मित्रांच्या घोळक्यात टिकेलच, असं नाही.

त्यात ‘सगळेच करतात’ ही समजूत भर घालते. वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं, की दारूच्या बाबतीत आपले सोबती जितके मोकळे असतील असं विद्यार्थ्यांना वाटतं, तितके ते नसतात. घाबरवून मुलं सुधारतील या आशेने अमेरिकेत तुरुंगाच्या भेटी घडवणारे कार्यक्रम झाले. नियंत्रित चाचण्यांत अशा भेटींनंतर गुन्हे घटण्याऐवजी वाढलेले आढळले. खरे आकडे समोर ठेवणं आणि नकार देण्याची तालीम करून घेणं हे त्याहून शहाणपणाचं. तालीम म्हणजे अगदी शब्दांसकट: मित्राने सिगारेट पुढे केली तर तोंडातून काय बाहेर पडेल, त्याने दुसऱ्यांदा आग्रह केला तर काय, आणि तिथून निघायचं कसं.

आणि ज्यांची वेळ टळून गेली आहे? रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या धूम्रपानाचा मागोवा घ्यायला सुरुवात केली. निवड डॉक्टरांचीच होती, आणि त्यांच्यातही सिगारेट ओढणारे काही कमी नव्हते. ५० वर्षांनी, २००४ मध्ये, हिशेब मांडला गेला तेव्हा आयुष्यभर ओढत राहिलेले पुरुष डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी गेले होते. तिशीत सोडणाऱ्यांनी ही जवळजवळ सगळी तूट भरून काढली. चाळिशीत सोडणाऱ्यांना ९ वर्षं परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६, आणि साठीला सोडणाऱ्यांनाही ३.