इंदूरचा सराफा: दिवसा तराजू, रात्री कढई

इंदूरचा सराफा आता बाहेरगावी खाऊगल्ली म्हणूनच ओळखला जातो. खरं तर राजवाड्याजवळची ही पेठ आधी पैशाची, मग दागिन्यांची आणि त्यानंतर खाण्याची. रात्रीची खाण्याची चौपाटी इथेच का बसली आणि आज तिच्यावरून कुरबूर का चालते, हे समजून घ्यायचं तर दुकानापुढच्या ओट्याकडे बघावं.

१८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि दरबारामागोमाग सावकारही आले. त्या काळचा सराफ नाणी पारखायचा, बट्टा म्हणजे घट कापून बदलून द्यायचा, हुंड्या म्हणजे पैसे देण्याच्या चिठ्ठ्या लिहायचा. दर्शनी हुंडी दाखवली की वटायची, मुदती ठरल्या दिवशी. या व्यवहाराला बळ दिलं माळव्याच्या अफूनं. कंपनी सरकारनं १८३० पासून परवाना देऊन ती मुंबईला जाऊ दिली. साधारण १४० पौंडांच्या पेटीला परवान्याचे १७५ रुपये पडत. १८४३ मध्ये सिंध कंपनीच्या ताब्यात आल्यावर कराचीकडची चोरवाट बंद झाली, मग कर चढतच गेला. चीनला जाणारी अफू १९१३ मध्ये थांबली, तोवर पैसा कापसाकडे आणि गिरण्यांकडे वळू लागला होता. हुंडीचं काम पुढे बँकांनी घेतलं. गल्लीत उरले सोनं-चांदीवाले.

त्यांनाही दणका बसला जानेवारी १९६३ मध्ये. सरकारच्या सुवर्ण नियंत्रणाखाली १४ कॅरेटवरचे नवे दागिने घडवायला बंदी आली. हजारात ५८५ भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. असा धातू कडक होतो, पातळ पत्रा ठोकताना तडकतो, रंगही फिका पडतो. ठुशी, वजरटीक, पुतळ्यांची माळ पिवळ्याधमक सोन्यातच हवी असणारं मराठी गिऱ्हाईक यावर खूश होणं शक्यच नव्हतं. देशभर हजारो सोनारांचं काम गेलं. ही अट १९६६ मध्ये सुटली, कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला आणि ‘आमच्या घरचा सोनार’ या भरवशाची जागा शिक्क्यानं घेतली. माडीवरच्या खोल्यांतून आता बंगाली कारागीर बरेच दिसतात.

सोनाराच्या खोलीतला केर कचराकुंडीत जात नाही. तो झारेकऱ्याला विकला जातो. झारेकरी आधी केर जाळून कागद-कापूस घालवतो, लोहचुंबकानं कानशीचा लोखंडी कीस काढतो, परातीत धुऊन जड गाळ खाली बसवतो आणि टाकणखार घालून वितळवतो. त्यात चांदी इतकी मिसळतो की सोनं चौथा हिस्सा राहील. त्याचे दाणे करून शोऱ्याच्या तेजाबात (नायट्रिक ॲसिडमध्ये) उकळले की चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते, तेच सोनं. सोनं चौथाईपेक्षा बरंच जास्त राहिलं तर तेजाब आत पोचत नाही. फारच कमी असेल तर भुकटी इतकी बारीक होते की गाळताना हातातून जाते.

आता रात्र. दुकानं साधारण आठ-नऊला मिटतात आणि त्याच ओट्यांवर, त्याच दारांपुढे शेगड्या लागतात. रात्री माणसांची वर्दळ असली की तिजोऱ्या सुरक्षित राहतात, म्हणून सराफांनीच खाऊवाल्यांना जागा दिली, असं गावात सांगतात. पटण्यासारखं आहे, कारण मालकाच्या मर्जीशिवाय ओटा मिळत नाही. भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी, खोबऱ्याचे पॅटिस, जलेबा हे इथले जुने जिन्नस. थंडीत गराडू हा कंद. हाताला खाज येते म्हणून तेल लावून सोलतात, मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवतात, गार झाल्यावर फोडी करून मंद आचेवर तळून ठेवतात. गिऱ्हाईक आलं की तीव्र आचेवर दुसरा घाणा, वर जिरावण मसाला आणि लिंबू. उकडताना जास्त शिजलं तर फोडी कढईत फुटतात. एकदाच तळलं तर बाहेरून मऊ पडतं.

कोळशाच्या जागी गॅसची टाकी आली तसं गणित बिघडलं. अरुंद गल्ली, दाटीनं लागलेल्या टाक्या, वर लोंबणाऱ्या तारा. आग लागली तर बंब आत येणार कुठून, हा सराफांचा सवाल रास्त आहे. त्यात मोमो-नूडल्सच्या गाड्या वाढल्या. जुन्या इंदुरी पदार्थांपुरतीच चौपाटी ठेवा, अशी मागणी महापालिकेपुढे गेली. जुना पदार्थ कुठला, हे ठरवणं मात्र सोपं नाही. शिवाय पदार्थ जुना असला म्हणून त्याची टाकी कमी धोक्याची होत नाही.