गेम मास्टर व्हायचंय? पुस्तक विकत घ्यायच्या आधी हे वाचा

आमच्या दुकानात टेबलटॉप आरपीजीची, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल प्लेइंग गेमची पुस्तकं बघायला येणारे बरेच जण एकच विचारतात, यातलं चांगलं कुठलं? प्रश्न सरळ आहे पण पुस्तक चाळून त्याचं उत्तर मिळत नाही. एखादं पुस्तक वाचायला मस्त असतं, चित्रं भारी, कागद गुळगुळीत, आणि प्रत्यक्ष खेळायला बसलं की दुसऱ्या तासाला सगळे मोबाईल काढतात. उलटंही होतं, एका पानाचा साधा गेम असतो आणि दुकान बंद करायची वेळ झाली तरी लोक उठत नाहीत. त्यामुळे आम्ही सगळ्यांना एकच सांगतो, आधी चालवून बघा, मग विकत घ्या, आणि काय झालं ते पुढच्या माणसासाठी लिहून ठेवा.

ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण गेम मास्टर म्हणजे जीएम असतो, बाकीचे एकेक कॅरेक्टर घेतात. समोर काय आहे ते जीएम सांगतो, आम्ही काय करतो ते प्लेअर सांगतात, आणि पुढे काय होईल याची खात्री नसेल तिथे डाइस टाकायचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजेच डी अँड डी १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून बाहेर पडला, तिथून हे सगळं सुरू झालं. आज त्याच्याशिवाय शेकडो गेम आहेत आणि त्यातले कित्येक फुकट मिळतात.

सुरुवात कशाने करायची

डी अँड डी ची तीन जाड पुस्तकं पहिल्याच दिवशी घेऊ नका, आम्ही विकतो तरी सांगतो. त्याचे बेसिक नियम कंपनी फुकट देते, आणि २०२३ च्या जानेवारीत हे नियम इतरांनी वापरायच्या लायसनवरून मोठा गदारोळ झाला तेव्हा पाचव्या एडिशनच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या सगळ्यांना वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला झाला, तेवढ्यावर महिनोन् महिने खेळता येतं. एक मात्र बघा, २०१४ ची पुस्तकं आणि २०२४ ची सुधारलेली पुस्तकं दिसायला सारखी वाटतात पण नियमात बारीक बारीक फरक भरपूर आहेत, टेबलावर दोघांकडे दोन वेगळी असली की अर्धा वेळ वादात जातो, तेव्हा कुठली वापरायची ते आधीच ठरवा.

भीतीचं, तपासाचं आवडत असेल तर १९८१ पासून चालत आलेला कॉल ऑफ कथुल्हू घ्या, त्याचं क्विकस्टार्ट, म्हणजे सुरुवातीपुरत्या नियमांचं छोटं पुस्तक, फुकट आहे आणि त्यात द हॉन्टिंग नावाची पछाडलेल्या घराची गोष्ट तयार मिळते. स्किल शंभरपैकी असतं, ५५ असेल तर डाइसवर १ ते १०० मधला आकडा ५५ किंवा खाली पडला पाहिजे, आईवडिलांनाही दोन मिनिटात कळतं. आणि फक्त एक संध्याकाळ हातात असेल तर लेझर्स अँड फीलिंग्ज, नियम एका पानावर, २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा, डोक्याने करायच्या कामाला त्याच्या खाली पाडायचं आणि मनाने करायच्या कामाला त्याच्या वर. किंवा हनी हाइस्ट, त्यात सगळे प्लेअर अस्वलं असतात आणि मधावर दरोडा घालायचा असतो, ऑफिसच्या ग्रुपला आम्ही नेहमी हाच काढून देतो.

आपल्याकडचं काही आहे का असं खूप जण विचारतात. डी अँड डी च्या २०२२ च्या जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल या संग्रहात लेखिका मिमी मंडल यांनी बंगालवर बेतलेला शंखभूमी हा काल्पनिक प्रदेश उभा केलाय, ते साहस, म्हणजे खेळायला तयार लिहिलेली गोष्ट, जरूर बघा.

टेबलावर

खेळायच्या आधी अर्धा तास नुसतं बोला. गोष्ट विनोदी आहे की गंभीर, कॅरेक्टर मेलं तर चालेल का, कुठला विषय नको. टेबलावर अनोळखी लोक असतील तर एक्स कार्ड ठेवा, जॉन स्टॅव्हरोपोलस यांची ही पद्धत आहे, एका कार्डावर मोठी फुली काढून मधोमध ठेवायचं, कोणाला काही नकोसं झालं तर त्याने कार्डाला हात लावायचा आणि ती गोष्ट तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. आमच्या प्रत्येक टेबलावर हे कार्ड असतं, कृपया ते ड्रॉवरमध्ये टाकू नका.

डाइस कधी टाकायला लावायचा हे नवीन जीएमला सगळ्यात जड जातं. वीस बाजूंच्या डाइसवर १५ किंवा जास्त हवं म्हटलं की जमायची शक्यता फक्त ३० टक्के असते. दोन डाइस टाकून मोठा धरायचा असेल तर ती ५१ टक्क्यांवर जाते. आता कुलूप उघड, रोल, भिंत चढ, रोल, घोड्यावर बस, रोल असं करत गेलात तर शूर योद्धा दर तिसऱ्या मिनिटाला तोंडावर आपटतो आणि प्लेअरचा चेहरा उतरतो. म्हणून फसलं तरी गोष्ट पुढे जाईल अशाच ठिकाणी रोल मागा, बाकी सरळ 'हो, झालं' म्हणून मोकळे व्हा.

तपासाच्या गोष्टीत दुसरा घोळ होतो. जीएमने एकच पुरावा ठेवलेला असतो आणि नेमका तोच रोल फसतो. गेमवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांचा तीन पुराव्यांचा नियम यासाठी आहे, प्लेअरच्या लक्षात यायलाच हवी अशी जी गोष्ट असेल तिच्याकडे नेणारे कमीत कमी तीन पुरावे ठेवायचे. समजा व्यापाऱ्याच्या वखारीतून पेटी गेलीये आणि ती मुनीमजींनी हलवलीये. तर मुनीमजींच्या चपलेला मागच्या अंगणातला ओला चुना लागलेला, हिशेबाच्या वहीचं एक पान फाडलेलं, आणि समोरच्या पानवाल्याने रात्री उशिरा टांगा उभा राहिलेला पाहिलाय. एका प्लेअरला वहीत डोकं घालायला आवडतं, दुसरी पानवाल्याशी गप्पा मारायला जाते, तिसरा उगाच सगळ्यांचे पाय बघत फिरतो, तिघांनाही रस्ता मिळतो. आणि हे तिन्ही पुरावे रोल न करता दिलेत तरी काही बिघडत नाही, त्यांचा अर्थ लावण्यातच मजा आहे.

पुस्तकं इंग्रजीत असली तरी टेबल मराठीत चालवा. अ‍ॅटॅक, सेव्ह, हिट पॉइंट हे शब्द तसेच राहू द्या, पण माणसं मराठीत बोलू द्या, कारण आवाज बदलता येत नसला तरी मराठीत नुसत्या संबोधनावरून माणूस उभा राहतो. पहारेकरी 'ए, कुठं चाललास रं' म्हणाला आणि आत गेल्यावर दिवाण 'यावं, आपलीच वाट बघत होतो' म्हणाला की जीएमने वेगळी अ‍ॅक्टिंग करायची गरजच उरत नाही, आणि जे प्लेअर इंग्रजीत गप्प बसतात ते इथे मधेच तोंड घालायला लागतात, हे आम्ही वारंवार बघतो.

आणि मग रिव्ह्यू

आमच्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकात मागे एक नोंदीचा कागद आहे. पुस्तक टेबलावर वापरा किंवा घरी न्या, परत देताना त्यावर लिहायचं असतं. पुढचा ग्राहक त्या कागदावरूनच ठरवतो, त्यामुळे 'मस्त गेम, पाच स्टार' याचा त्याला काही उपयोग नाही.

सगळ्यात आधी लिहा की चालवून बघितलं की नुसतं वाचलं. दोन्ही चालेल पण स्पष्ट लिहा. वाचून गेम किती फसवतो त्याचं एक उदाहरण देतो. २०१० च्या अपॉकॅलिप्स वर्ल्डपासून निघालेल्या गेममध्ये सहा बाजूंचे दोन डाइस टाकून बेरीज करतात, १० किंवा वर आलं तर काम फत्ते, ६ किंवा खाली आलं की संकट, आणि ७ ते ९ आलं तर काम होतं पण काहीतरी किंमत मोजून. वाचताना वाटतं वा, किती सोपं. पण कॅरेक्टरला १ ची भर असेल तर हा मधला निकाल साधारण ४४ टक्के वेळा येतो, म्हणजे जवळपास दर दुसऱ्या रोलला जीएमने जागच्या जागी नवीन किंमत शोधायची. खिडकीतून आत शिरलीस पण पदर खिळ्याला अडकून फाटला आणि तुकडा तिथेच राहिला, दार उघडलं पण किल्ली आतच तुटली. पहिला तास हे सुचत जातं, तिसऱ्या तासाला डोकं रिकामं होतं. काही जीएमना यातच मजा येते, काही थकून जातात. हे कुठल्याच पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर छापलेलं नसतं, ते चालवणाराच सांगू शकतो, आणि असंच आम्हाला हवंय.

मग कुठली एडिशन, किती जण होते, किती वेळ चाललं, त्यातले किती जण पहिल्यांदा खेळत होते तेही लिहा, कारण तिघांत रंगलेला गेम सहा जणांत रेंगाळू शकतो. पुस्तक उघडून नियम शोधायला कुठे थांबावं लागलं ते पान लिहा. आणि तुम्ही स्वतः काही नियम बदलला असेल तर तो नक्की लिहा, नाहीतर तुमच्या बदलामुळे आलेली मजा गेमच्या नावावर जमा होते किंवा तुमच्या बदलामुळे झालेला घोळ त्याच्या माथी बसतो.

प्लेअरना सेशन संपल्या संपल्या 'आवडलं का' विचारू नका, समोर बसून कोण नाही म्हणणार. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर विचारा की कालचं काय आठवतंय. कोणाला नियमातून घडलेला एखादा प्रसंग आठवला, उदाहरणार्थ कथुल्हूमध्ये सॅनिटी म्हणजे मनाचा तोल मोजणारा आकडा घसरत गेला आणि शांत डॉक्टरबाई अचानक किंचाळत पळाल्या, तर त्याचं श्रेय गेमला द्या. सगळ्यांना फक्त तुमचा पहारेकरी आठवत असेल तर तुम्ही छान चालवलंत, पण गेमबद्दल त्यातून फारसं काही कळलं नाही, आणि तेही कागदावर लिहायला हरकत नाही.

तयार साहसाबद्दल लिहिताना खुनी कोण, भूत कुठे हे कागदाच्या मागच्या बाजूला लिहा, पुढची बाजू प्लेअरही वाचतात. वाईट अनुभव आला तर तोही बिनधास्त लिहा. आम्ही हेच पुस्तक विकतो म्हणून गोड लिहायची गरज नाही, टीकेचा कागद आम्ही काढून टाकत नाही. फक्त नेमकं काय अडलं ते सांगा. 'कंटाळवाणं' असं लिहिलं तर कोणाला कळत नाही, 'चार जणांची मारामारी दीड तास चालली आणि प्रत्येकाला आपली पाळी यायला दहा मिनिटं थांबावं लागलं' असं लिहिलं तर लगेच कळतं.

टेबल हवं असेल तर आदल्या दिवशी फोन करा, शनिवार रविवार लवकर भरतात. पहिल्यांदा चालवणार असाल तर तसं सांगा, कोपऱ्यातलं टेबल देतो, तिथे आवाज कमी असतो. डाइस आणि पेन्सिली आमच्याकडून, कॅरेक्टर शीटच्या झेरॉक्स काउंटरवर मिळतील. घरी नेलेलं पुस्तक आठवड्यात परत आणा, कागद मागच्या कव्हरच्या आत ठेवा, भरला असेल तर काउंटरवरून दुसरा मागून घ्या आणि जुन्याला पिन मारून लावा.