रसभरीची ती 'साल' नव्हे!

बाल्कनीतल्या कुंडीत आलेल्या रसभऱ्या शेजारच्या काकूंना दिल्या, तर त्यांनी विचारलं, "ही वरची साल काढायची ना?" काढायचीच, पण ती साल नाही. सोनेरी फळाला स्वतःची पातळ, चकचकीत साल असतेच. बाहेरची कागदी पिशवी आहे फुलाची.

वांग्याची हिरवी टोपी आठवा. कळी झाकणाऱ्या पाच निदलांचा तो निदलपुंज. टोमॅटोच्या देठाशी तोच चांदणीसारखा उरतो. रसभरी याच कुळातली, मूळची दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातली. हिच्या पाकळ्या गळल्या की निदलपुंज वाढायला लागतो, तोही फळापेक्षा भराभर, आणि फळाला पोटात घेऊन तोंड मिटतो. हिरवा असेपर्यंत तो प्रकाशसंश्लेषण करून फळाला अन्नही पुरवतो. रानातल्या फोपटीचं हेच, अश्वगंधेच्या लाल फळाचंही हेच. लहानपणी फोपटी कपाळावर फट्‌कन फोडायचो, तो आवाज पिशवीत कोंडलेल्या हवेचा.

मग निदलांना 'वाढा' असं सांगतं कोण? 2005 साली जर्मनीतल्या संशोधकांनी एमपीएफ-2 या जनुकाकडे बोट दाखवलं. बटाट्यात त्याचं भावंड-जनुक पानाखोडात काम करतं, फुलात गप्प असतं. रसभरीच्या भाईबंदांत ते निदलांतही जागं होतं आणि फलनानंतरची संप्रेरकं त्याला साथ देतात. किती सुबक उत्तर! पण 2023 मध्ये जनुक-संपादनाने एमपीएफ-2 निकामी केलेल्या झाडांनाही पिशव्या आल्याच. खरी कळ अजून शोधायची आहे. आणि ही युक्ती जुनी किती? अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात 5.2 कोटी वर्षांपूर्वीचे पिशवीसकट जीवाश्म सापडले. 2017 मध्ये ते जाहीर झाले, तेव्हा डीएनएवरून बांधलेले या वंशाच्या वयाचे अंदाज फारच तोकडे ठरले.

हीच रसभरी सुकवून 'गोल्डन बेरी' नावाने महाग विकतात, आणि ती मधुमेह बरा करते असे संदेश फिरतात. क जीवनसत्त्व आणि कॅरोटीन असलेलं हे छान फळ आहे, औषध नव्हे. गोळ्या बंद करू नका.

लावायची टोमॅटोसारखीच: पावसाळ्याच्या तोंडावर बी पेरायचं, रोप हातभर झालं की काठीचा आधार द्यायचा. नत्रखत जास्त झालं तर नुसता पाला माजतो. हिरवी फळं खाऊ नयेत, त्यांत विषारी सोलॅनिन असतं. पिशवी वाळून सुक्या गवताच्या रंगाची झाली की फळ आपोआप खाली पडतं, तेच उचलायचं. पिशवीतच ठेवलं तर फ्रिजबाहेरही बरेच दिवस टिकतं. पेक्टिन भरपूर असल्यामुळे मुरांबा झटकन आळतो, लिंबू जेमतेम चमचाभर पुरतं.