राजाची नातेवाईक म्हणजे राजकन्याच?

‘ब्रिटनच्या राजघराण्यातली मुलगी, म्हणजे राजकन्या!’ टियारा, म्हणजे छोटा रत्नजडित मुकुट, घातलेल्या तरुणीच्या फोटोखाली ही ओळ वर्षानुवर्षं फिरते आहे. तसं वाटणं साहजिक आहे. आपणही संस्थानिकांच्या लेकींना सरसकट राजकन्याच म्हणतो. पण तिथे १९१७ च्या राजाज्ञेने जन्माने मिळणारा हा किताब मुख्यतः राजाची मुलं आणि त्याच्या मुलग्यांची मुलं यांच्यापुरताच ठेवला. लेकीच्या मुलांना तो आपोआप मिळत नाही. म्हणजे सख्खी नात असूनही नुसती ‘मिस’!

पडताळायचं तर फोटोखालचं नाव नीट वाचा. ‘लेडी’नंतर पहिलं नाव असेल, तर ती बहुधा ड्यूक, मार्क्वेस किंवा अर्ल अशा वरच्या दर्जाच्या उमरावाची मुलगी. ‘लेडी’नंतर थेट आडनाव आलं, तर बहुधा एखाद्या ‘सर’ची किंवा लॉर्डची बायको. टियारावर जाऊ नका, तो उमरावांच्या लेकीही लग्नात घालतात.