भरून येऊ नये अशी जखम: काचबिंदूच्या शस्त्रक्रियेतील व्रणाची पार्श्वभूमी

मोतीबिंदूची जखम भरली की सर्जन निर्धास्त होतो. काचबिंदूची पुरती भरली तर शस्त्रक्रियाच वाया जाते. डोळ्याच्या आत तयार होणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट करून डोळ्यातला वाढलेला दाब उतरवायचा आणि ती वाट उघडी राखायची, एवढाच इथे हेतू असतो. शरीर मात्र ती बुजवायला बसलेले.

१९०९ मध्ये मद्रासला नेत्रसर्जन रॉबर्ट एलियट यांनी श्वेतपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला, आरपार गोल भोक पाडून वर केवळ कंजंक्टायव्हाचे, म्हणजे त्यावरच्या पातळ पारदर्शक पडद्याचे, आवरण ठेवण्याची पद्धत मांडली. दाब उतरायचा, कधी नको इतका. पाणी साचून आवरणाखाली आलेला फुगवटा, म्हणजे ब्लेब, पातळ होऊन गळू लागला की जंतूंना आत शिरायला रान मोकळे. १९६८ मध्ये नेत्रसर्जन केर्न्स यांनी ट्रॅबेक्युलेक्टमी आणली: भोकावर श्वेतपटलाच्याच अर्धवट जाडीचे झाकण, टाके घालून बसवलेले. पाणी श्लेमच्या नलिकेच्या, म्हणजे डोळ्यातले पाणी वाहून नेणाऱ्या नैसर्गिक नळीच्या, कापलेल्या टोकांतून जाईल, असा त्यांचा होरा होता. प्रत्यक्षात ते झाकणाच्या कडेने पाझरून कंजंक्टायव्हाखाली जमते. तर्क चुकला, शस्त्रक्रिया टिकली.

अपयश येते ते बहुधा भोकात नव्हे, त्याच्या वर. रक्त गोठते, दाहपेशी जमतात, मग काही दिवसांत कंजंक्टायव्हाखालच्या टेनॉनच्या थरातले फायब्रोब्लास्ट, म्हणजे व्रण घडवणाऱ्या पेशी, येऊन कोलॅजनचे चिवट तंतू विणतात. ब्लेब लालसर, चपटा आणि घट्ट दिसू लागतो, दाब पुन्हा चढतो. तरुण वय, आधीची शस्त्रक्रिया किंवा वर्षानुवर्षे घातलेले काचबिंदूचे थेंब असले तर हा धोका जास्त.

१९८० च्या दशकात पेशींची वाढ रोखणारी कर्करोगाची औषधे इथे आली. ५-फ्लुओरोयुरॅसिलची ५ मिलिग्रॅमची इंजेक्शने पहिला आठवडा दिवसातून दोनदा आणि दुसरा आठवडा एकदा दिली जात. कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा थर सोलवटणे हा त्याचा ठरलेला त्रास. मायटोमायसिन-सी सुटसुटीत ठरले: ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणात भिजवलेला स्पंज शस्त्रक्रियेच्या वेळी कंजंक्टायव्हाखाली काही मिनिटे ठेवायचा आणि जागा भरपूर सलाईनने धुवायची. पण छोट्याच जागी औषध लावले की मधला भाग रक्तहीन आणि पातळ होतो, भोवती व्रणाचे कडे आवळते, आणि एलियट यांच्या काळची गळती परत येते. म्हणून पुढे स्पंज रुंद क्षेत्रावर पसरण्याची रीत पडली.

व्रण घडवणाऱ्या टीजीएफ-बीटा-२ या प्रथिनाला रोखणारी अँटीबॉडीही आजमावली गेली. मोठ्या चाचणीत ती निष्प्रभ ठरली. त्यामुळे आजही मायटोमायसिन, आठवडोनआठवडे हळूहळू कमी केलेले स्टिरॉइड थेंब आणि दाब पाहून लेसरने तोडलेले झाकणाचे टाके यांवरच काम चालते.