विमानात रुमाल टाकता येत नाही

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं. त्याच आठवड्यात आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘विमानात कसं वागावं’ असा लांबलचक मजकूर फिरू लागला. मोठ्यानं बोलू नका, डबा उघडून वास पसरवू नका, विमान थांबायच्या आत उठू नका. पाठवणारे बहुतेक पुण्या-मुंबईत नोकरीला असलेले आमचेच पोरं. गावाकडच्या माणसाला विमानात बसायची रीत ठाऊक नसणार, हे त्यात गृहीतच धरलेलं. ही रीत आली कुठून आणि ती मोडली कोणी, हे मागे जाऊन पाहिलं की चित्र बरंच वेगळं दिसतं.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जे छोटं विमान आणलं, त्यात टपाल होतं. टपालाच्या पिशव्यांना शिष्टाचार लागत नाही. माणसं नेणं हा पुढचा व्यवहार. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली आणि त्याच वर्षी कंपनीतले बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांच्या डोक्यातून कंपनीचं बोधचिन्ह ठरलेला तो मिशाळ, कमरेत वाकलेला महाराजा निघाला. या महाराजाकडे नीट पाहा. राजा असून तो वाकलेला आहे, कारण तो यजमान आहे आणि तिकीट काढून आलेला माणूस त्याचा पाहुणा. दारातला नमस्कार, ट्रेमध्ये मांडून आणलेलं खाणं हे सगळं त्या एका कल्पनेतून आलं. जे. आर. डी. इतके बारकाईनं पाहायचे, की जिनिव्हाहून चढवलेला चहा रंगावरून कॉफीपासून ओळखता येत नाही, अशी तक्रारही त्यांनी लिहून ठेवली होती. यजमान असा असला म्हणजे पाहुणाही जरा सावरून बसतो. अर्थात तेव्हाचे पाहुणे मूठभरच होते. साहेब लोक, व्यापारी, संस्थानिक. त्यांना वागणं शिकवायची गरज कोणाला वाटली नाही, आणि ते खरोखर नीट वागत होते का, हे पाहणाराही बाहेरचा कोणी तिथं नव्हता.

विदर्भाचा या गोष्टीशी संबंध फार लवकर आला, हे आपल्याकडेही बरेच जण विसरलेत. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांनी रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. तिथं पिशव्यांची अदलाबदल व्हायची, सोबतचे प्रवासी विमान बदलायचे आणि उजाडेपर्यंत सगळी आपापल्या गावी परत. देशाचा मध्य असल्याचा नागपूरला झालेला हा खणखणीत फायदा. पण खेड्यातला माणूस या सगळ्याच्या खाली होता. त्याला वर लुकलुकणारा दिवा दिसायचा, आणि मुंबईहून आलेलं पत्र दुसऱ्या दिवशी पोस्टात पडायचं.

त्या काळच्या विमानांत आवाज फार आणि कानांना दडे बसायचे. म्हणून उडायच्या आधी ट्रेमधून लिमलेटच्या गोळ्या आणि कापसाचे बोळे फिरवायचे. गोळी चघळली की आवंढा गिळला जातो आणि दडा सुटतो. इंडियन एअरलाइन्सनं ही पद्धत पुढं कितीतरी वर्षं चालवली. मूठभर गोळ्या खिशात टाकणारे प्रवासी हा तेव्हाचा ठरलेला विनोद होता. मला मात्र त्यातला कापूसच आठवत राहतो. कपाशीच्या मुलखातला माणूस विमानात चढण्याच्या कितीतरी आधी कापूस चढला होता.

१ ऑगस्ट १९५३ ला विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. देशांतर्गत आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, परदेशी वाहतूक एअर इंडियाकडे राहिली. माझ्या मते शिष्टाचाराच्या इतिहासातलं खरं वळण हेच. विमान सरकारचं झालं आणि सरकार ज्यांच्या हातात, त्यांना ते आपल्या घरचं वाटू लागलं. १९६० पासून नागपूरला हिवाळी अधिवेशन भरू लागलं. मंत्री, आमदार, सचिव यांची डिसेंबरातली ये-जा वाढली. पाहुणा म्हणून चढणाऱ्यांत मालकाच्या थाटात चढणारे मिसळले. पुढची रांग मिळावी, सामानाला कोणी हात लावू नये, उशीर झाला तर विमानानं थांबावं, या अपेक्षा गावच्या म्हातारीच्या नसतात. त्यात तेव्हा दुसरी विमान कंपनीच नव्हती. रुसून जायचं तर रेल्वेनं जायचं.

गावाकडं याच काळात प्रवासाची शाळा म्हणजे एस.टी. खिडकीतून दस्ती, दुपट्टा, नाहीतर एखादं लेकरूच आत सोडून जागा धरायची, ही आपली सर्वमान्य पद्धत. तिला कोणी असभ्यपणा म्हणेल, पण संध्याकाळची गावची शेवटची गाडी चुकली तर रात्र स्टँडवर काढावी लागते, हे ज्यानं भोगलंय तो म्हणणार नाही. जिथं जागा कमी आणि गाडी एकच, तिथं घाई हाच शहाणपणा. विमानात जागेचा नंबर तिकिटावर छापलेला असतो, म्हणून रुमाल टाकायचा प्रश्न मिटतो. शरीरातली घाई मात्र लगेच मिटत नाही. आणि ती शहरातल्यांचीही मिटलेली नाही, हे कुठलंही विमान उतरताना पाहावं.

मग खेड्यातली माणसं विमानात पोचली कशी? विदर्भापुरतं पाहिलं तर दोन वाटा डोळ्यांत भरतात. एक हजची. समुद्रमार्गे होणारा हज प्रवास १९९५ नंतर बंद झाला आणि पुढं नागपूर हे हज यात्रेकरूंच्या उड्डाणाचं ठिकाण झालं. बाळापूर, अचलपूर, कारंजा अशा गावांतली म्हातारी माणसं आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली ती अशी. हज कमिटीतर्फे जाण्यापूर्वी शिबिरं होतात, तिथं सामान किती आणि कसं बांधायचं इथपासून प्रवासात कसं वागायचं इथपर्यंत सगळं समजावून सांगतात. आपल्या भागात विमान प्रवासाचं असं रीतसर शिक्षण दुसऱ्या कोणाला मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. ज्या मुंबईकरांनी आम्हाला तो मजकूर पाठवला त्यांनाही नाही.

दुसरी वाट एल.टी.सी.ची, म्हणजे सरकारी नोकराला रजेत मिळणाऱ्या प्रवास सवलतीची. टपाल किंवा आयकर खात्यातला केंद्र सरकारचा कर्मचारी या सवलतीवर अंदमानला, नाहीतर श्रीनगरला निघायचा. २००९ पासून अशा बहुतेक प्रवासाला एअर इंडियाचंच तिकीट सक्तीचं होतं. तालुक्याच्या गावातली अशी कुटुंबं चिवडा, तिखट पुऱ्या, लोणचं घेऊन निघायची, आणि सुरक्षा तपासणीत लोणच्याची बरणी बाहेर निघाली की गृहिणीचा चेहरा पाहवत नसे. सुक्या खोबऱ्याचीही तीच गत. खोबऱ्यातल्या तेलामुळं ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. ओला कापूसही त्याच वर्गात. ज्यानं जिनिंगच्या आवारात गंजी आतून धुमसताना पाहिलीय, त्याला हा नियम लगेच पटतो. बाकीच्यांना तो माज वाटतो.

चप्पल दाराशी काढून विमानात चढलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. मी ती चार गावांत ऐकली आणि प्रत्येक ठिकाणी म्हातारा ‘आमच्याच गावचा’ होता. चपलेचा नोंदला गेलेला प्रकार वेगळाच आहे. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादच्या तेव्हाच्या खासदारांनी, बिझनेस क्लास मिळाला नाही म्हणून, दिल्लीत एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेनं मारलं आणि ते कॅमेऱ्यासमोर सांगितलंही. कंपन्यांनी त्यांना तिकीट देणं बंद केलं, आणि पंधरवड्यात ती बंदी उठलीही. त्याच वर्षी सप्टेंबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं बेशिस्त प्रवाशांसाठी नियम आणले. तोंडानं गैरवर्तन केलं तर ३ महिन्यांपर्यंत बंदी, अंगावर हात टाकला तर ६ महिन्यांपर्यंत, आणि जिवावर बेतणारं कृत्य असेल तर किमान २ वर्षं. निर्णय द्यायला निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली समिती, मुदत ३० दिवसांची.

२७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून दिल्लीला येणाऱ्या विमानात, बिझनेस क्लासमधल्या एका दारू प्यायलेल्या पुरुषानं वृद्ध सहप्रवासी बाईंवर लघवी केल्याचं प्रकरण घडलं, आणि ते नीट न हाताळल्याबद्दल कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. म्हणजे महागाचं तिकीट काही रीत शिकवत नाही.

टाटांच्या व्यवहारात एक विमान कंपनी गेली नाही, ती सरकारकडेच राहिली: अलायन्स एअर. बेलोऱ्याला उतरलेलं पंख्यांचं ए.टी.आर. विमान तिचंच. सरकारी विमान शेवटी वऱ्हाडात आलं ते असं, महाराजाला मागे ठेवून.

माझी मामी गेल्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसली. कंपनी कुठली ते जाऊ द्या. चाकं टेकली आणि अर्धं विमान उभं राहिलं, डोक्यावरच्या पेट्या धडाधड उघडल्या, एकाची बॅग दुसऱ्याच्या खांद्यावर. हवाई सुंदरी बसा बसा म्हणत होती, कोणी ऐकेना. मामी पट्टा बांधून तशीच.

“काहून रे,” मला म्हणाली, “घंटी तं अजून वाजली नाई. मंग हे उभे काहून झाले?”

मी वर पाहिलं. पट्ट्याचा दिवा अजून लागलेलाच होता.