सिमेंटच्या पोत्यांखालची क्षेपणास्त्रे

डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेच्या विनंतीवरून स्पेनच्या युद्धनौकेने अरबी समुद्रात ‘सो सान’ हे मालवाहू जहाज अडवले. जहाज उत्तर कोरियातून आले होते, त्यावर कोणत्याही देशाचा ध्वज फडकत नव्हता. सिमेंटची पोती बाजूला केल्यावर खाली पंधरा स्कड क्षेपणास्त्रे निघाली. माल आपण विकत घेतला आहे असे सांगून येमेनने निषेध नोंदवला आणि अमेरिकेने जहाज मालासकट सोडून दिले. एका देशाने दुसऱ्याला क्षेपणास्त्र विकू नये, असा कोणताही सार्वत्रिक करार नव्हता. तो आजही नाही.

इतके करार असून ही फट राहिली, कारण जवळजवळ प्रत्येक करार म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला. त्यानंतर दहा वर्षांनी जिनिव्हा प्रोटोकॉल आला. त्याने विषारी वायू आणि रोगजंतू युद्धात वापरायला मनाई केली. बनवायला आणि साठवायला नाही.

अण्वस्त्रांच्या बाबतीत १९६८ चा प्रसारबंदी करार झाला. १ जानेवारी १९६७ पूर्वी अणुस्फोट केलेल्या पाच देशांना त्याने अण्वस्त्रधारी मानले, बाकीच्यांनी अण्वस्त्रे न बनवण्याचे वचन द्यायचे ठरले. त्या बदल्यात पाचांनी निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिक वाटाघाटी करायच्या होत्या. हे वचन त्यांनी पाळलेले नाही, आणि कराराला पक्षपाती म्हणून सही न करणाऱ्या भारताचा आक्षेप म्हणूनच आजही खोडता येत नाही. भारताने १९७४ मध्ये पोखरणला स्फोट केला तेव्हा प्लुटोनियम कॅनडाच्या मदतीने उभारलेल्या अणुभट्टीतले होते. त्यातून अणुसामानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणारा आण्विक पुरवठादार गट जन्मला. शांततेसाठी दिलेले सामान पुढे कशासाठी वापरले जाईल, हा प्रश्न तिथून ऐरणीवर आला.

रसायनांत हा प्रश्न आणखी अवघड होतो. थायोडायग्लायकॉल हे रसायन शाई आणि रंगकामात वापरतात. त्याच्यावर आणखी एक प्रक्रिया केली की मस्टर्ड वायू तयार होतो. इराकने इराणविरुद्धच्या युद्धासाठी अशी रसायने परदेशी कंपन्यांकडून मिळवली. १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी युद्धात वायू वापरला गेल्याचे पक्के केल्यावर, १९८५ मध्ये निर्यातीवर लक्ष ठेवणारा ऑस्ट्रेलिया गट स्थापन झाला. तरी मार्च १९८८ मध्ये इराकमधल्या हलब्जात हजारो कुर्द नागरिक वायूने मारले गेले. रासायनिक शस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा, तपासणीची तरतूद असलेला करार १९९७ मध्ये लागू झाला. जाहीर केलेल्या साठ्यांपैकी शेवटचा साठा जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत नष्ट झाला. या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत मोठे यश आहे, आणि त्याची म्हणावी तशी चर्चा झाली नाही.

क्षेपणास्त्रांसाठी मात्र करार नाही, फक्त समजुतीची व्यवस्था आहे. सात औद्योगिक देशांनी १९८७ मध्ये एमटीसीआर म्हणजे क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था स्थापन केली. ५०० किलो वजन ३०० किलोमीटरपर्यंत नेऊ शकणारे क्षेपणास्त्र सहसा कोणाला द्यायचे नाही, ही तिची मुख्य मर्यादा. या नियमाचा फटका इस्रोला बसला. रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान घेण्याच्या करारावर अमेरिकेने १९९२ मध्ये निर्बंध लादले आणि पुढच्याच वर्षी रशियाने तंत्रज्ञान देण्यातून अंग काढून घेतले. अशा इंजिनाचे अतिथंड इंधन उड्डाणाच्या तोंडावर भरावे लागते. सतत सज्ज ठेवायच्या क्षेपणास्त्राला ते सोयीचे नाही. तरीही अडवले गेले ते उपग्रहाचे रॉकेट. त्याच काळात व्यवस्थेच्या बाहेरचा उत्तर कोरिया क्षेपणास्त्रे आणि त्यांचे तंत्रज्ञान विकत राहिला. इराणचे शहाब-३ आणि पाकिस्तानचे घौरी त्याच्या नोडाँग क्षेपणास्त्रावरूनच बनले. भारत २०१६ मध्ये या व्यवस्थेचा सदस्य झाला.

‘सो सान’ सोडावे लागल्यावर काही महिन्यांतच, मे २००३ मध्ये, संशयित माल वाटेतच अडवण्यासाठी प्रसार सुरक्षा उपक्रम जाहीर झाला. ऑक्टोबरमध्ये लिबियाकडे निघालेले ‘बीबीसी चायना’ जहाज इटलीच्या तारांतो बंदराकडे वळवण्यात आले. कंटेनरमध्ये मलेशियात बनलेले, दुबईमार्गे आलेले सेंट्रिफ्यूजचे, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचे, भाग होते. पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांचे जाळे त्यानंतर उघडे पडले. हे कोणा एका सरकारचे उघड काम नव्हते, कारखाने आणि दलाल यांची साखळी होती. जुने करार फक्त सरकारांना बांधत होते, म्हणून सुरक्षा परिषदेने एप्रिल २००४ मध्ये ठराव १५४० केला. अशा व्यवहारांना गुन्हा ठरवणे प्रत्येक देशाला बंधनकारक झाले. भारताचा २००५ चा कायदा त्याच दिशेचा.

सर्वांत कच्चा दुवा जैविक शस्त्रांचा. १९७२ च्या करारावर सोव्हिएत संघाने सही केली आणि लगेच प्रचंड गुप्त कार्यक्रम उभारला. १९७९ मध्ये रशियातल्या स्वेर्दलोव्स्कच्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू निसटले आणि वाऱ्याच्या दिशेने राहणारी माणसे मेली. दूषित मांसामुळे हे झाले असे सरकार वर्षानुवर्षे सांगत राहिले. लष्कराचा हात रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी १९९२ मध्ये मान्य केला. या करारात तपासणीची तरतूद असती तर हे इतके दिवस झाकता आले नसते. पण २००१ मध्ये तपासणीच्या मसुद्याला अमेरिकेने नकार दिला आणि वाटाघाटी थांबल्या. लस बनवणारी आणि रोगजंतू वाढवणारी प्रयोगशाळा बाहेरून सारखीच दिसते, म्हणून तपासणी अवघड आहे हे खरे. पण अवघड आहे म्हणूनच ती हवी. डिसेंबर २०२२ मध्ये सदस्य देशांनी या प्रश्नासाठी नवा कार्यगट नेमला.